चंद्राबाईंची ओढ शाखेकडे वर्ग

हंगेरियन स्थलांतरित बंधू मंडळाच्या तासगाव शाखेत एकही हंगेरियन नव्हता, पण घराची ओढ होती, आणि ती दर साली कुणा ना कुणाला आपल्या घरी न्यावी लागे.

ओढ मूळची गेर्गेय साहेबांची. द्राक्षाचा रस गाळायचं यंत्र घेऊन हा माणूस हंगेरीहून आला. यंत्र काही चाललं नाही, साहेब मात्र राहिला. शाखा काढायला माणसं कमी पडली म्हणून त्यानं गावातलेच बागायतदार बंधू म्हणून भरून घेतले. एकमेकांच्या आजारपणात सोबत बसायचं, मयताला खांदा द्यायचा, रविवारी एकत्र गुलाश खायचा, असं काम. गुलाश म्हणजे आपला तांबडा रस्साच, पण तसं बैठकीत बोलायची पद्धत नव्हती. साहेब वारले, सभासदांनी रीतीप्रमाणे खांदा दिला, आणि त्यांची ओढ मागे राहिली. सभासदाचं दुखणं वाऱ्यावर सोडायचं नाही हा मंडळाचा पहिला नियम, तेव्हा ती पाळीनं घेणं आलं. ज्याच्याकडे ती असे तो वर्षभर खाट वायव्येकडे वळवून झोपे आणि बायकोकडे आंबट चेरीचं सार मागे. कुणी त्यात काही विशेष मानत नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली.

शाखेचा गुलाश चंद्राबाई शेलार करायच्या. त्यांचं निवळी गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं आणि सरकारनं त्यांना तासगावजवळ जमीन दिली होती. जमीन बरी होती, पण बाईंच्या पायाला भिंगरी लागलेली. भरल्या ताटावरून उठायच्या, दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. आठवड्यातून एकदा तरी धरणाकडची एसटी धरायच्या, पाणी बघायच्या आणि मिळेल त्या गाडीनं माघारी यायच्या. एकदा नातवाला कडेवर घेऊन बाजारात निघाल्या, स्टँडवर ती गाडी लागलेली दिसली, आणि पोराला बाकावर ठेवून तशाच आत चढल्या. पोर सापडलं, कंट्रोलरच्या टेबलावर बिस्किट खात बसलेलं. पण त्या दिवसापासून सून, शैला, बाळ त्यांच्या हाती देईना. बाळ रांगत आजीकडे निघालं की ती मधूनच उचलून न्यायची. शैलाचं काही चुकत नव्हतं, आणि चंद्राबाईंना ते सोसवत नव्हतं.

माघातल्या बैठकीत त्या रस्सा वाढता वाढता म्हणाल्या, "माझी पण ओढ घ्या शाखेत."

अध्यक्ष गणपतराव सावर्डेकरांनी घास खाली ठेवला. "चंद्राक्का, आपली शाखा हंगेरीची. निवळी काय हंगेरीत येत न्हाई."

"सायबांचं गाव तरी कुठं येत हुतं?"

हे खरं होतं. लढाईनंतर सीमा सरकली आणि साहेबांचं गाव जागच्या जागी दुसऱ्या देशात गेलं, हे साहेब स्वतःच सांगायचे.

शिवाप्पा बिराजदार म्हणाले, "पर त्यांचं गाव कोरडं तरी हाय."

"त्यांनाबी जाता येत न्हवतं, मलाबी येत न्हाई. कोरडं आन् ओलं, काय फरक पडला?"

गणपतरावांनी हाड चोखून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर हाय." ओढ ज्या गावाची आहे ते गाव कोरडं असण्याची अट नाही, असा ठराव एकमतानं झाला.

ओढ कुणी घ्यायची ते फाल्गुनातल्या द्राक्षजलशात ठरतं. हॉलमध्ये डोक्यावर दोऱ्या ताणून घड टांगतात. बाजा वाजतो, सगळे नाचतात, नाचता नाचता घड चोरायचा. राखणदारानं धरलं की शिक्षा. तिकडे हंगेरीत म्हणे दंडावर भागतं. तासगावात ओढ घरी न्यावी लागते. तासगावकरांना नाच जमायचा, चोरी मात्र बिलकुल जमायची नाही. जन्मभर बाग केलेला माणूस घड हाती आला की आधी उलटा करून बघतो, मग तोडतो. शिवाप्पा घडावर भुरीचा रोग आलाय का ते बघत उभे राहिले आणि धरले गेले. त्यांच्याकडे साहेबांची ओढ गेली. गणपतराव तर घड हातात धरून मोठ्यानं ओरडले, "ह्याची विरळणी कुणी केली रं?" राखणदारानं त्यांची मान धरली. सगळा हॉल हसला.

चंद्राबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दिली," त्या म्हणाल्या.

"घेतली," गणपतराव म्हणाले, आणि लगेच दाराकडे बघू लागले.

त्या दिवशी चंद्राबाई ताट संपवूनच उठल्या. धरणाची गाडी आली, गेली, त्यांनी मानही वळवली नाही. शैला काही दिवस नुसती बघत राहिली. मग एका दुपारी दूध उतू जायला लागलं, तेव्हा तिनं घाईत बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं आणि नंतर उचललं नाही. बाळ तिथंच झोपलं. चंद्राबाईंना इतका आनंद झाला की पदर तोंडावर घेऊन त्या रडल्या.

ओढ घेतलेल्या सभासदापाशी रोज संध्याकाळी कुणीतरी बसायचं असतं. चैत्रात चंद्राबाईंची पाळी आली. नातवाला घेऊनच त्या गेल्या. गणपतराव ओसरीवर येरझारा घालत होते. छाटणी खोळंबली होती, माणसं शेतात वाट बघत होती, आणि ह्यांचा पाय काही तिकडे वळत नव्हता.

"बसा की जरा," चंद्राबाई म्हणाल्या.

"बसवंना, अक्का. तुमच्या दारातल्या त्या फणसाखाली तुमची आई नाचणी पाखडायची. पाखडताना गाणं म्हणायची."

"म्हणत असंल."

"असंल न्हवं, म्हणायचीच. तुमी लांबनं दिसला की सूप खाली ठिवायची आन् हात झाडून उभी ऱ्हायची."

चंद्राबाईंनी आठवून पाहिलं. ओढ गेली की तिचं सामानसुमानही बरोबर जातं, त्याला कुणाचा इलाज नाही. फणस नव्हता, सूप नव्हतं. सारवून काढलेल्या जमिनीसारखं सगळं स्वच्छ होतं, आणि त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली.

गणपतराव डोळे पुसत होते. "लई माया करायची ओ. मला जायचंय तिकडं."

"पाणी हाय तिथं."

"ठावं हाय." ते येरझारा घालायचे थांबले. "माघारी देऊ का? तुमचीच हाय ती. मागितली तर देता येती."

त्यांना हात पुढे करावासा वाटला. त्या हातावर बाळाचं डोकं होतं. ते जागं होतं आणि आजीच्या बांगडीशी खेळत होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. तेवढं आईचं नाव सांगा."

"राही."

"बरं नाव हाय," चंद्राबाई म्हणाल्या.

घरी जाताना त्या मारुती कोष्ट्याच्या दारात थांबल्या आणि उद्या गणपतरावांपाशी बसायची त्याची पाळी त्यांनी मागून घेतली.