मानपत्राची शेवटची ओळ

मानपत्र लिहावे तर आपणच, याविषयी निवृत्त भाषाशिक्षकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ज्या बाईंनी शाळेत त्यांना दहापैकी साडेनऊच्या वर गुण कधी दिले नाहीत, त्यांनी आज वयाची शंभर वर्षे पूर्ण केली होती. तो राहिलेला अर्धा गुण मिळवण्यासाठी चौऱ्याहत्तर वर्षांचा हा विद्यार्थी तीन आठवडे खपला होता.

सभागृह भरले. काचेच्या चौकटीत बसवलेले मानपत्र हाती धरून शिक्षक खणखणीत आवाजात वाचू लागले. अर्ध्यावर त्यांची दृष्टी सहज खाली गेली. शेवटी ठळक अक्षरांत होते : ‘आपण शतायुषी व्हावे, हीच प्रार्थना.’

शतायुषी तर बाई आज सकाळीच झाल्या होत्या. म्हणजे भर सभेत ‘आता निघा’ असेच सांगणे झाले.

शिक्षकांची गती मंदावली. प्रत्येक स्वल्पविरामाशी ते चढणीवरच्या बैलासारखे थबकू लागले. समोर बाई ताठ बसल्या होत्या, डोळे मिटून, कान देऊन. ओळी मात्र संपत चालल्या. तीन. दोन. एक.

“आपण,” त्यांनी चौकट छातीशी धरली, “सव्वाशे वर्षे जगावे, हीच प्रार्थना.”

टाळ्या पडणार तोच बाईंचे डॉक्टर भाचे उठले. “सर, सव्वाशे कोणी गाठल्याची खात्रीची नोंद नाही. आयुष्याला मर्यादा असावी, असे बऱ्याच जणांचे मत आहे.”

“मग एकशे वीस,” शिक्षक घाईने म्हणाले.

“अहो, भाजी घेताय का?” बाईंची नातसून मागून म्हणाली. “आजींच्या बाबतीत हात कशाला आखडता घ्यायचा?”

“मी देणारा कोण?” शिक्षक घामाघूम झाले.

बाईंनी डोळे उघडले. “वाद पुरे. इकडे आण ते.”

काचेवरून त्यांचे बोट ओळीओळीने सरकत गेले. बोट तळाशी थांबले.

“लिहिलेस ते वाचले नाहीस आणि वाचलेस ते लिहिले नाहीस.”

“चुकलो, बाई.”

“बाकी मजकूर निर्दोष आहे.” शिक्षकांचे डोळे भरून आले. “शेवट मात्र कच्चा. दुरुस्त करून पुढच्या वर्षी याच तारखेला आण. मग दहापैकी दहाचा विचार करू.”

“आणतो, बाई,” म्हणून शिक्षक पाया पडायला वाकले, ते काही केल्या उठेनात. भाच्यांनी हात देऊन त्यांना खुर्चीत बसवले, नाडी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“मावशी,” ते हळूच म्हणाले, “तुम्ही असालच. पण यांचे सहामाहीलाच तपासून टाका.”