पाच सेकंद दाबून ठेवा

कुंपणाच्या तारेत करंट सोडणाऱ्या झटका मशीनच्या खोक्यात सगळ्यात वर माहितीपुस्तिका होती, म्हणून प्रेमसिंगनं सगळ्यात आधी ती उचलून बाजूला टाकली. तिच्याखाली मशीन, सोलरची प्लेट, रिमोट आणि प्लास्टिकच्या पिशवीत बारीकसारीक सामान असा खरा माल होता.

सून रंजितानं पुस्तिका उचलली. “मामाजी, मराठीतबी हाय हे. पहिले वाचून तं घ्या.”

“कायले? मी काय परीक्षेले बसून राह्यलो?” प्रेमसिंग म्हणाला. “चाळीस वर्सं झाली शेती करून. इंजिन खोललं, फवारनीचा पंप खोलला, मोटर खोलली. कोनतं पुस्तक वाचलं होतं?”

“अन् त्यातलं परत जोडलं किती?” हंसाबाईनं चुलीपाशी बसून विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या कानावर पडेल पण अंगावर येणार नाही, असा आवाज तिनं कमावला होता.

प्रेमसिंगनं ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि सामान सायकलवर बांधून तो निघाला. त्यांच्या बंजारा तांड्यापासून शेत दोन किलोमीटर. त्यापलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडे जंगल. गेल्या साली रानडुकरांनी अर्धी तूर लोळवली होती. या वर्षी त्यानं शेताभोवती तारेच्या पाच ओळी आधीच ताणून ठेवल्या होत्या. मशीन त्यानं कुंपणाबाहेरच्या अवजारांच्या कोठ्यात, खिडकीजवळ ठोकलं. दुपारपर्यंत जोडणी झाली. पिशवीतल्या चार वस्तू उरल्या. ‘कंपनीवाले जास्तीचं देतेत,’ असं स्वतःला सांगून त्यानं त्या वळचणीला खोचल्या.

घाई होती, कारण आज हिरासिंग येणार होता. हिरासिंग म्हणजे रंजिताचा बाप, कळंबकडच्या तांड्यावरचा. दोन वर्षांपूर्वी लग्नात वरातीची गाडी हिरासिंगची होती, नवी कोरी. पाठवणीच्या वेळी प्रेमसिंग हौसेनं स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेवर, ट्रकांच्या मधोमध गाडी बंद पडली. नवरा-नवरीला उतरून ती ढकलावी लागली. तेव्हा हिरासिंग साऱ्या वरातीदेखत ओरडला होता, “गाडीचं पुस्तक वाचलं असतं, तं माह्या पोरीले आज धक्का माराव लागला नसता!”

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. रंजिता माहेरी एकटी जायची, एकटी यायची, आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे काही सांगायची नाही. नवरा बादल लोहाऱ्याच्या कारखान्यात. त्यानं तर दोघांपैकी कोणाचंच नाव काढणं सोडून दिलं होतं. आज हिरासिंग नातेवाइकाकडे पांढरकवड्याला आला होता. रंजितानं फोनवर रडून-रडून त्याला अर्ध्या तासासाठी राजी केलं होतं.

त्या अर्ध्या तासात प्रेमसिंगला एकच गोष्ट करायची होती. पुस्तक न वाचता लावलेलं मशीन हिरासिंगला दाखवायचं.

साडेचारला दोघं शेतात पोचले. कोरडा रामराम झाला होता, चहा झाला होता, बोलणं झालं नव्हतं. प्रेमसिंगनं तारेचं फाटक बाजूला करून व्याह्याला आत घेतलं आणि आतून आकडे अडकवले.

“पाह्यजा आता ईवाई. बैल जरी टेकला नं, तं तीन हात मांगं फेकते हे मशीन.”

“कोनं सांगतलं?”

“मी पाह्यलं माह्या डोयानं!” प्रेमसिंगनं पाहिलं काहीच नव्हतं. त्यानं रिमोट कोठ्याकडे रोखून बटण दाबलं. खिडकीतून हिरवा दिवा लुकलुकू लागला. “झालं! चालू!”

हिरासिंगनं मान हलवली. कौतुक करायचं नाही असं तो ठरवून आला होता. “आता बंद करून दाखवा.”

प्रेमसिंगनं बटण दाबलं. दिवा लुकलुकतच राहिला. त्यानं पुन्हा दाबलं, मग दुसरं दाबलं, मग चारही दाबली. सेल काढून धोतराला पुसले, परत घातले. हात उंच करून दाबलं, खाली बसून दाबलं. दिवा लुकलुकतच होता.

“काहून? होत नाही बंद?”

“होते. जरा गरम झालं असन.”

दहा मिनिटांनी हिरासिंगच्या आवाजातली टिंगल गेली. “ईवाई, मंग आपुन बाहेर कसं निंघाचं?”

प्रेमसिंगनं कुंपणाकडे पाहिलं. खालची तार वीतभर उंचीवर, वरची छातीला. खालून सरपटता येत नव्हतं, वरून ओलांडता येत नव्हतं. फाटकाचे आकडेही तारेचेच. त्याचा स्वतःचा फोन कोठ्यात राहिला होता.

“चप्पल रबरी हाय काय तुमची?” हिरासिंगनं विचारलं.

“चामड्याची.”

“माह्यीबी.” हिरासिंगनं छातीला हात लावला. मग हळूच म्हणाला, “माह्या छातीत स्प्रिंग बसोली हाय. दिवाईले, नागपुरात. डॉक्टरनं सांगतलं, धक्का नोको, धावपय नोको.”

प्रेमसिंगनं रिमोट खाली केला. “अन् मले माईत नाही?”

“तुमाले कोन सांगन? दोघांनीबी तोंडं शिवली होती.”

प्रेमसिंग तारेकडे बघत राहिला. सकाळपासून ज्या तारेचा त्याला अभिमान वाटत होता, ती आता त्याला सापासारखी दिसू लागली. बैल तीन हात मागं. आणि हा तर छातीत स्प्रिंग असलेला पासष्ट वर्षांचा माणूस. याला काही झालं, तर रंजिताला कोणतं तोंड दाखवायचं?

हिरासिंगनं आपला फोन काढला. पाच टक्के होते. “बेटी, आमी आत अडकलो, मशीन बंद होऊन नाही राह्यलं. थे पुस्तक—” एवढं बोलून झालं आणि फोनचा जीव गेला.

“आयकलं असन?”

“काय माईत.”

दिवस जंगलाच्या शेंड्यांना टेकला. प्रेमसिंगनं तुरीची एक काडी मोडून आकडा उचलायचा विचार केला. पण काडी ओली निघाली आणि विचार तिथंच थांबला. तेवढ्यात नाल्याच्या बाजूनं पाचोळा वाजला. झुडपातून एक काळी डुकरीण बाहेर आली. अंगावरचे केस ताठ, आणि मागं ओळीनं सात पिलं.

प्रेमसिंगनं हिरासिंगचा हात घट्ट धरला. एवढ्या संकटातही त्याचा चेहरा उजळला. “आता पाह्यजा,” तो कुजबुजला. “आता पाह्यजा कशी फेकते तं!”

डुकरीण तारेपाशी आली. तिनं तारेचा वास घेतला. मग वळून मधल्या तारेला पाठ लावली आणि डोळे मिटून मनसोक्त खाजवली. मग खालची तार मुस्कटानं वर उचलून ती आत आली. तिच्यामागून सातही पिलं आली.



“ईवाई,” शेवटी हिरासिंग म्हणाला, “करंट नाही त्याच्यात.”

“नाही,” प्रेमसिंग म्हणाला.

दोघांना क्षणभर आनंद झाला. पण फाटक डुकरिणीच्या पलीकडे होतं, आणि पिलं सोबत असलेली डुकरीण काय करते, हे दोघांनाही पुस्तक न वाचता माहीत होतं. तिनं मान उचलून त्यांच्याकडे पाहिलं आणि ती फुरफुरली.

“मचानावर!” प्रेमसिंग ओरडला.

राखणीचं मचाण वीस पावलांवर होतं आणि ते एका माणसाच्या मापाचं होतं. प्रेमसिंगनं आधी व्याह्याला वर ढकललं, मग स्वतः चढला. डुकरीण शिडीखाली येऊन थांबली. वर दोघं एकमेकांच्या गळ्यात हात घालून बसले, कारण हात दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती. हिरासिंगचं काळीज धडधडत असलेलं प्रेमसिंगला स्वतःच्या बरगडीत ऐकू येत होतं.

“छातीत दुखते काय?”

“नाही. पन मेलो तं मनात राह्यन, म्हून सांगतो.” हिरासिंग समोर बघत म्हणाला. “थे गाडी तुमच्यानं बंद नव्हती पडली.”

“मंग?”

“डिझेलच नव्हतं तिच्यात. समोर पिवया दिवा लागेल होता दोन दिवसापासून. मले वाटलं, नवी गाडी हाय, शोभेचा असन. दुसऱ्या दिवसी मिस्त्रीनं सांगतलं.”

प्रेमसिंगनं त्याच्या गळ्यातला हात काढला. मचाण हललं. त्यानं हात परत ठेवला.

“दुसऱ्या दिवसी!” त्याचा आवाज चिरकला. “दोन साल मी तांड्यात मान खाली घालून फिरून राह्यलो. पोट्टेबी मले गाडीवाला म्हनतेत! अन् तुमी—”

“ढकलता काय मले खाली?”

“मन तं होऊन राह्यलं.” प्रेमसिंगनं खाली पाहिलं, मग व्याह्याच्या छातीकडे. “पन डॉक्टरनं तुमाले धावपय मना केली नं.”

तेवढ्यात वाटेवरून स्कूटीचा आवाज आला. रंजिता चालवत होती, मागं हंसाबाई, आणि तिच्या हातात पुस्तिका. स्कूटी कोठ्यापाशी थांबली.

“रंजिता!” दोघं एका दमात ओरडले. “चालू नाही थे! चालू नाही! डुक्कर!”

मध्ये तुरीचं शेत, समोरून वारा. रंजिताला फक्त ‘चालू’ ऐकू आलं. “हो मामाजी! घाबरू नोका! आत्ता बंद करते!” ती ओरडली, आणि अकराव्या पानावर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली. “‘यंत्र चालू अथवा बंद करण्यासाठी मुख्य बटण पाच सेकंद दाबून ठेवा.’ एक… दोन…”

“नोको! दाबू नोको!”

“तीन… चार… पाच!”

कोठ्यातला हिरवा दिवा विझला आणि लाल लागला. इकडे या आरडाओरड्याला कंटाळून डुकरीण आपली पिलं घेऊन आल्या वाटेनं परत निघाली होती. तिनं खालची तार उचलायला नाक लावलं.

किंकाळी अशी उठली की नाल्यापलीकडचे मोरही ओरडले. डुकरीण तीन हात नाही, पण एक हात नक्की मागं उडाली. सात पिलं सात दिशांना पांगली. आणि ती वळली ती थेट मचाणाकडे. तिला गुन्हेगार माहीत होते. पहिल्या धडकेत एक खांब कलला. दुसऱ्या धडकेत हिरासिंगचा फेटा खाली पडला आणि तिनं तो तुडवला.

“झालं काय बंद?” रंजिता विचारत होती.

“पोरी!” प्रेमसिंगनं आयुष्यात कधी ओरडला नसेल एवढ्या जोरात साद घातली. “पुढचं पान वाच! पुढचं पान!”

पान उलटल्याचा आवाज त्याला ऐकू आला नाही, पण रंजिताचा आवाज हळूहळू बारीक होत गेलेला ऐकू आला. “‘हिरवा दिवा म्हणजे बॅटरी चार्ज होत आहे. लाल दिवा म्हणजे तारेत विद्युतप्रवाह…’ मामाजी, मघा कोनता होता?”

“हिरवा!”

“याडी ये!” असं आईच्या नावानं ओरडून तिनं बटण पुन्हा दाबलं. या वेळी पाच आकडे तिघांनी मोजले. हिरासिंग देवाचं नाव घेत होता, त्यानं मोजले नाहीत.

लाल दिवा विझला. पण डुकरीण आता तारेजवळ जायला तयार नव्हती. एका अनुभवात ती शहाणी झाली होती. शेवटी हंसाबाईनं फाटकाचे आकडे काढले, सगळ्या तारा बाजूला धरल्या आणि पाहुण्याला वाट द्यावी तशी दूर सरून उभी राहिली. रंजितानं बाहेर स्कूटी बाजूला घेतली. डुकरीण थांबली, तिनं फाटकाकडे पाहिलं, आणि पिलं गोळा करून सरळ वाटेनं निघून गेली.

मग हिरासिंगची मचाणावरून उतरायची पाळी आली. प्रेमसिंगनं त्याला कमरेला धरून एकेक पायरी उतरवलं, खाली बसवलं, पाणी पाजलं आणि तुडवलेला फेटा झटकून त्याच्या डोक्यावर ठेवला. रंजिता दोघांकडे बघत राहिली. असं काही तिनं लग्नापासून पाहिलं नव्हतं.

“तुमी वर काय बोलून राह्यलते?” हंसाबाईनं विचारलं. “वाटंवरूनच दिसत होतं, दोघांचीबी तोंडं चालू होती. थे गाडीचं निंघालं असन. मंग, ठरलं का? कोनं चुकलतं?”

हिरासिंगनं मान खाली घातली. लेकीसमोर आता काय ऐकावं लागणार, हे त्याला दिसत होतं. प्रेमसिंगनं त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं दाबून ठेवलेला राग त्याच्या जिभेवर आला होता.

“डुकरीन,” तो म्हणाला, आणि व्याह्याला उठायला त्यानं हात दिला.