हिराभाऊंची सोळा घरं

माझं भांडण हिराभाऊंनी मशीनमध्ये भरून ठेवलंय. अगदी माझ्याच आवाजात, "ओ भाऊ, बंद करा ते!" एवढंच. काळं रबरी बटण दाबलं की मी भांडते. दोनदा दाबलं की दोनदा भांडते. आणि बोट भराभर आपटलं तर "बं-बं-बं-बंद करा" असलं काहीतरी होतं, ज्यावर आमच्या गल्लीतली पोरं गणपतीत घाम फुटेस्तोवर नाचली. मी आरतीचं ताट घेऊन उभी आणि समोर अख्खं गाव माझ्या संतापावर कंबर हलवतंय! दुसऱ्या दिवशी तेल आणायला गेले तर दुकानदार हसून म्हणाला, "ताई, तुमनं गानं भारी व्हतं."

आता या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

हिराभाऊ आमचे शेजारी. त्यांची आणि आमची भिंत एक. भिंतीच्या या बाजूला मी ब्लाउज शिवते, त्या बाजूला ते मोटारी भरतात. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या, पाणी खेचायच्या. जळाली की लोक ती यांच्या ओट्यावर आणून टाकतात आणि भाऊ तिच्यात नवी तांब्याची तार भरून देतात. ब्राह्मणपुरीत केळी आहे, ऊस आहे, उन्हाळ्यात वीज कमी-जास्त होते, तेव्हा मोटारी जळायच्या काही थांबत नाहीत. चांगला हात, चांगलं नाव. सरळ माणूस होता हो! मग शहाद्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने बंद पडलेला की-बोर्ड यांच्याकडे आणून टाकला. मोटार दुरुस्त करता ना, मग हेही बघा. भाऊंनी तो उघडला, चालू केला, आणि तिथून जे डोकं फिरलं ते फिरलंच.

पूर्वी सुरतेला गेले की तार घेऊन यायचे. नंतर तारेसोबत टॉवेलात गुंडाळलेलं एखादं जुनं मशीन यायला लागलं. पहिलं आलं ते सिंथेसायझर. मला वाटलं पेटीसारखं काही असेल. कसलं काय! पट्ट्या नाहीतच. नुसती गोल गोल बटणं आणि भोकं, आणि भोकाभोकांतून वायरी. भाऊंनी एक वायर काढून दुसरीकडे खोचली, बटण पिळलं, आणि आतून असा आवाज आला की माझ्या फळीवरचे डबे थरथरले.

"हाऊ बेस शे, ताई, खालना जाड आवाज," भाऊ कौतुकाने म्हणाले. "कानले नही लागना तरी चाली. पोटमा लागाले जोयजे."

"माझ्या पोटात लागला," मी म्हटलं. "सकाळचा चहा हलला."

यावर रागवायचं तर तेही नाही. "लागना ना?" म्हणून माणूस खूश!

मग ड्रम मशीन आलं. हे त्यांचं लाडकं. लांबट डबा, त्यावर ओळीने सोळा बटणं, आणि एक लाल दिवा त्यांच्यावरून डावीकडून उजवीकडे पळतो. गावात कुणीही पाहुणा आला की भाऊ त्याला धरून आणतात आणि समजावतात. पाहुण्याला घाई असो, गाडी चुकत असो. "हाई सोळा घरनी गल्ली शे. पहिला घरमा ढोल बठाडा, पाचवा घरमा टाळी. दिवा घरोघर फिरस. ज्या घरमा कोनी नही, ते घर गप. गल्ली सरनी का परत पहिला घर." आणि शेवटी, छाती काढून, "बोट चुकस, मशीन चुकत नही!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की विळीवर भाजी चिरतानासुद्धा मला ते ऐकू येतं. लग्नातला बँड बघितला की भाऊ नाक मुरडतात. ढोलवाला सरकला म्हणे. अहो, त्याने उन्हात वरात ओढलीय कोसभर, सरकणारच! पण नाही. बोट चुकस.

तिसरं मशीन म्हणजे ते, ज्यात मी आहे. सॅम्पलर. त्याला माइक लावायचा, आवाज आत घ्यायचा, आणि तो एकेका रबरी बटणात बसवायचा. ते आल्यापासून गावात कुणाचं काही खासगी राहिलं नाही. फवारणीच्या पंपाची फुसफुस, उसाच्या बैलगाडीचं कुरकुरणं, माझ्या शिलाई मशीनची खटखट, सगळं आत. मिरचीच्या दिवसांत भाऊ नंदुरबारला गेले, तर वाळत घातलेल्या मिरचीच्या ढिगांपाशी माइक धरून उभे राहिले, का, तर तिथे बायका शिंकतात. शिंक टाळीच्या जागी छान बसते म्हणे! एका बाईने झाडूच उगारला. तोही आवाज ते घेऊन आले.

आणि दिवसभर भिंतीतून ढुम. ढुम. ढुम-ढुम. मी ब्लाउजचा गळा कापायला घ्यावा आणि ढुम! एका नवरीचा गळा असा वाकडा गेला की शेवटी त्यावर लेस लावून निभावलं. मी ओट्यावर जाऊन ओरडायची, ते तेवढ्यापुरतं बारीक करायचे, मी आत आले की परत ढुम. त्यातून गंमत अशी की वरचा आवाज, ती टाळी, ती शिंक, हळूहळू बंदच झाली. राहिला तो नुसता खालचा दणका. मी म्हटलं, भाऊ, निदान गाणं तरी वाजवा! तर म्हणे, "गानं मंग. आधी दनका बसू द्या."

एके दिवशी दुपारी मी खरोखर तणतणत त्यांच्या घरात शिरले. बघते तर सुमनभाभी, म्हणजे भाऊंची बायको, लाकडी बाकावर बसलेल्या. बाकाच्या खाली भाऊंनी एक जुना स्पीकर स्क्रूने ठोकला होता, आतला कागदी पडदा फाडून टाकलेला, म्हणजे आवाज नाही, नुसता हादरा. भाऊ म्हणाले, "लागस का?" म्हणजे तसे ओठ हलवले. भाभी मोठ्याने म्हणाल्या, "थोडंसं!" भाऊंनी बटण पिळलं. भाभी म्हणाल्या, "आते लागस!"

मी दारातच उभी राहिले. माझा राग कुठे ठेवावा मला कळेना.

भाभींचे कान गेलेत. एकदम नाही, दोन-तीन वर्षांत, हळूहळू. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यातून माणूस बोललं काय आणि परात पडली काय, त्यांना सारखीच खरखर. ते त्यांनी डबीत घालून ठेवलं. कान जाणं सगळ्यांनाच वाईट, पण भाभींचं वेगळं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, मारुतीच्या पारामागे निंबाला झोका बांधतात, आणि झोक्यावर बसणारी बाई गाणं सांगते. तिने एक ओळ म्हणायची, खालच्या सगळ्याजणींनी ती उचलायची, मग तिने पुढची. मी या गावात लग्न होऊन आले तेव्हापासून झोक्यावरचं गाणं म्हणजे सुमनभाभी. त्यांना इतकी गाणी येतात की दुपारची संध्याकाळ व्हायची आणि एक ओळ परत यायची नाही.

मागच्या आखाजीला त्या झोक्यावर बसल्या आणि खालच्या बायका ओळ उचलताहेत तोवरच त्यांनी पुढची सुरू केली. मग खालच्या थांबल्या तर या गातच राहिल्या. पोरी हसल्या. दुष्टपणाने नाही हो, हसू आलं म्हणून हसल्या. त्यांच्या नणंदेने झोका धरला आणि हात वर करून दाखवलं, थांब. हात खाली करून दाखवलं, हां, आता म्हण. भाभींनी दोन ओळी तशा म्हटल्या. मग उतरून घरी गेल्या आणि त्यानंतर त्या घरातसुद्धा गुणगुणल्या नाहीत.

"यंदा बी मी जावाव नही," भाभी त्या दुपारी मला म्हणाल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मन्हाकरता कोनी हात दखाडाले नको. मी काय आंधयी म्हईस शे का, हाकलाले?" मग बाकावर थाप मारून, "हाई चाली. मशीनले कीव येत नही."

तर हा सगळा प्रकार होता. झोक्याच्या फळीखाली स्पीकर ठोकायचा, वायर दोरासोबत वर न्यायची. बायका ओळ उचलतील तोवर फळीत एकेक ढुम. त्यांची ओळ संपली की ढुम-ढुम, म्हणजे भाभी, आता तुमची पाळी. फळी सांगणार, भाभी गाणार, बघणाऱ्याला काही कळणारही नाही.

"मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं?" मी भाऊंवर ओरडले. "वर्षभर माझं डोकं उठवलंत!"

"सांगतो ते तुम्ही वरडत्यात नही," भाऊ शांतपणे म्हणाले. "वरडत्यात नही ते मले कसं समजतं, भिंतपार दनका जास का नही?"

हात टेकले मी! बरं, तेवढ्यावर सुटका नाही. पुढचे कितीतरी दिवस माझी दुपार गेली. ब्लाउज बाजूला ठेवून मी एकटी बायकांचा घोळका झाले. भाभी बाकावर बसून म्हणायच्या, "निंबना झोका उंच गया, माहेरनं शिवार दिसनं वं बाई," मी ती ओळ उचलायची, भाऊ माझी ओळ सोळा घरांत बसवायचे. माझी जरा लांबली की डोळे वटारायचे. "ताई, तुम्ही सरकन्यात." अहो, मी सरकले? माझा घसा बसलाय! पण शेवटी बसलं. ढुम-ढुम झालं की भाभी अचूक उचलायच्या, आणि भाऊ त्या लाल दिव्याकडे असे बघायचे, जसा काही त्यांनीच दिवा जन्माला घातला.

आखाजीला मारुतीचा पार उन्हाने तापला होता. झोक्याच्या मागे स्टुलावर ड्रम मशीन आणि सॅम्पलर, वायर शेजारच्या घरातून, स्पीकर फळीखाली. भाभी नवं लुगडं नेसून आल्या, पण चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. भाऊंनी बटण दाबलं, दिवा धावायला लागला, पोरींनी झोका दिला. भाभींनी पहिली ओळ म्हटली. वर्षाने तो आवाज झोक्यावरून ऐकला आणि मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

खालच्यांनी ओळ उचलली. आणि ओळ अर्ध्यावर असताना फळीने ढुम-ढुम दिलं.

यंदा जुनी फांदी वाळली म्हणून दोर वरच्या फांदीला बांधला होता. दोर लांब, झोका सावकाश. आणि झोका जसा जाईल तशा बायका गातात, पिढ्यान् पिढ्या. माझ्या बंद खोलीतल्या घोळक्याला कुठला झोका? मशीन काही चुकलं नव्हतं. ते बिचारं माझ्या मापाने वाजत होतं. भाभींनी विश्वासाने पुढची ओळ सुरू केली, खालच्यांची आधीची संपलेली नव्हती, आणि झाला तो मागच्या वर्षीचाच गोंधळ. कुणीतरी फिसकन हसलं. भाभींना ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यांचा आवाज थांबला. त्यांनी पाय खाली सोडले, झोका थांबवायला.

मला इतका संताप आला! भाऊंवर, मशीनवर, त्या फांदीवर. मी वळले, म्हटलं आज या माणसाला सोडत नाही. तर भाऊंनी दिवा बंद केला होता. सोळाही घरं गप. त्यांनी तो दणका सॅम्पलरच्या बटणावर घेतला, अंगठा ठेवला, आणि झोका खाली आला तसा दाबला. ढुम. झोका परत आला. ढुम. भाभींचे पाय जमिनीला लागता लागता थांबले. त्यांनी फळीवर तळवा ठेवला आणि दोर परत धरला.

भाभींनी ओळ पुन्हा म्हटली. बायकांनी उचलली, लांबवली, मधेच एकीला खोकला आला, बाकीच्या थांबल्या, मग संपवली. ती संपली तेव्हाच ढुम-ढुम. भाभींनी पुढची घेतली. मग त्यापुढची. हसणाऱ्या पोरी गायला लागल्या. भाऊ स्टुलासमोर उन्हात वाकून उभे होते, डोळे झोक्यावर, कान बायकांकडे. घाम नाकावरून मशीनवर गळत होता, आणि हा तो माणूस, जो मशीनवर कुणाला ओलं बोट लावू देत नाही. मी पाणी नेऊन दिलं.

"बोलू नका ताई," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "आते नही."

मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले, आणि नंतर पदर त्यांच्या डोक्यावर ऊन येऊ नये असा धरला. गल्लीत लोक काय म्हणतील ते म्हणोत.

गाणी संपेनात. शेवटी भाभी आपणहून उतरल्या, गाल लाल, केस सुटलेले. त्या आमच्याकडे यायला लागल्या तसे भाऊ घाईघाईने बाजूला झाले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले, जसं काही ते बघ्यांतलेच एक.

"सुरूमा बिघडनं व्हतं का?" भाभींनी मला विचारलं. "मंग बरोबर चालनं. मशीननीच वाजाडं ना, ताई? कोनी हात ते नही ना लावा?"

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी नको अशी मान हलवली, एवढीशी. या माणसाला चार शब्द सुनवायचे होते खरे.

"मशीनच होतं, भाभी," मी म्हटलं, माझे ओठ त्यांना नीट दिसतील असं, सावकाश. "कुणी हात लावला नाही."

भाभी हसल्या. "मंग आजून म्हनस!" म्हणाल्या, आणि पदर खोचून परत झोक्याकडे गेल्या. हिराभाऊंनी अंगठा सदऱ्याला पुसला आणि भाभी पाठमोऱ्या आहेत तोवर स्टुलापाशी जाऊन उभे राहिले.