एकतिसावं चिन्ह

लेक छापखान्यात मुद्रितं तपासत बसली होती, तेवढ्यात तिच्या वडिलांच्या थोरल्या शिष्याचा फोन आला.

"ताई, काल तुम्ही पाठवलेली चाल उघडली," थोरले शिष्य म्हणाले. त्यांचा आवाज एरवीही सांत्वनाला आल्यासारखाच असे. "मास्तर चौकोन कधीपासून लिहायला लागले?"

"कसले चौकोन?"

"रिकामे. पहिल्याच ओळीत नऊ आहेत. व्हायोलिनवर घेऊन बघितले, पण चाल काही लागत नाही."

लेकीने कपाळावर हात मारला. तिचे वडील शाळेत संगीताचे मास्तर होते. चाळीस वर्षांत त्यांनी एकशे बारा चाली बांधल्या आणि त्या उतरवून ठेवायला स्वतःची चिन्हं तयार केली. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मागे उरल्या होत्या सतरा वह्या, आणि त्यांच्या कडांचा आता हात लावला की चुरा होत होता. लेक छापखान्यात अक्षरजुळणी करायची, म्हणून तिने ती सगळी चिन्हं रेखाटून आपल्या संगणकात बसवली. तिच्या पडद्यावर चाल छान दिसे. दुसऱ्याच्या संगणकावर गेली की चिन्ह जाई आणि चौकोन उरे.

याचं कारण तिला ठाऊक होतं. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. 'क'ला क्रमांक आहे, स्वल्पविरामाला आहे, डोळे मिचकावणाऱ्या तोंडालासुद्धा आहे. मास्तरांच्या चिन्हांना नव्हता.

असे क्रमांक देणारी एक समिती असते. लेकीने तिच्याकडे अर्ज करायचं ठरवलं. अर्जात प्रत्येक चिन्हाचं नाव, अर्थ आणि ते वहीत कुठे आलंय याचे तीन दाखले द्यायचे होते. एकही चिन्ह अर्थाविना राहिलं तर अख्खा अर्ज परत. तीस चिन्हांची अडचण नव्हती. त्यांचे अर्थ मास्तरांनी स्वतःच्या हाताने पहिल्या वहीत लिहून ठेवले होते. अडलं ते एकतिसाव्यापाशी. एक वाटोळं टिंब आणि त्यातून वर निघालेली वळणदार शेपूट. वह्यांमध्ये ते दोनशे सहा वेळा होतं. कधी ओळीच्या मध्ये, कधी लांबवलेल्या स्वराच्या डोक्यावर. पण एका पानावर तीनहून जास्त कधीच नाही. अर्थ मात्र कुठेच दिलेला नव्हता.

लेक वही घेऊन थोरल्या शिष्यांकडे गेली. त्यांनी चष्मा पुसला आणि चिन्ह बघितलं.

"हे समजायला मला अकरा वर्षं लागली," ते म्हणाले. "इथे वादकाने थांबायचं. श्वाससुद्धा रोखायचा."

"किती वेळ?"

"ते ज्याचं त्याला कळतं."

समितीला असं उत्तर चालेल का, याची लेकीला शंका होती. पण मुदत जवळ आली होती आणि जाणकार माणूस दुसरा नव्हता. तिने चिन्हाला 'श्वासस्तंभ' असं नाव दिलं, तीन दाखले जोडले आणि अर्ज धाडून दिला. आईला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. आई दवाखान्यात परिचारिका होती, जन्मभर सकाळपाळी केली होती, आणि तिला सुरातलं काही कळत नाही हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. आईनेसुद्धा.

चौदा महिन्यांनी मंजुरी आली. एकतीसच्या एकतीस चिन्हांना क्रमांक मिळाले. लेक कागद नाचवतच घरी आली. आई खिडकीत बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती.

"आई, बाबांची चिन्हं आता जगातल्या कुठल्याही संगणकावर दिसतील!"

आईने सुई अभ्र्यात टोचून ठेवली आणि कागद हातात घेतला. एकेका चिन्हावरून तिचं बोट मायेने फिरत गेलं. तळाशी येऊन ते थांबलं.

"अगंबाई, ही शिट्टी इथे कशी आली?"

"कसली शिट्टी?"

"कुकरची. पावणेसातला मी कुकर चढवून ड्यूटीवर निघायचे. बजावून जायचे, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. यांना पेटीपुढे बसलं की जगाचं भान नसायचं. दोनदा कुकर जळला, तेव्हा मी बोलले. जरा जास्तच बोलले. त्या दिवसापासून शिट्टी झाली की वहीत खूण करायला लागले. हे बघ, हा कुकर आणि ही वाफ."

लेकीने सतरा वह्या काढल्या. आई एकेक पान उलटत गेली. "इथे तीन. इथे तीन. इथे दोनच आहेत, त्या दिवशी गॅस संपला होता. आणि इथे एकही नाही." त्या पानावर ती घुटमळली. "तुला टायफॉइड झाला होता. मी रजेवर होते."

लेकीला तिथे रडू आलं. पण तिला धास्ती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. बाबांच्या नावावर तिने कुकरची शिट्टी संगीतात घुसवली होती. उद्या कुणाला कळलं तर उरलेल्या तीस चिन्हांवर तरी कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या दिवशी तिने समितीच्या चिटणीसबाईंना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"प्रामाणिकपणे कळवलंत, आभार," चिटणीसबाई म्हणाल्या. "पण चिन्ह काढता येणार नाही. एकदा क्रमांक दिला की दिला. मध्यंतरी कुणी त्यात काही लिहिलं असेल, तर त्याचं लिखाण बिघडेल."

"अहो, कालच तर मंजुरी आलीय!"

"काल रात्रीही कुणी लिहिलं असेल."

"मग निदान नाव तरी बदला."

"नाव तर मुळीच नाही. आमच्याकडे एका चिन्हाच्या नावात शुद्धलेखनाची चूक आहे. तीस वर्षं आम्ही ती रोज बघतो." मग त्या म्हणाल्या, "नावाखाली एक टीप जोडता येईल. एका ओळीची."

टीप लिहायची तर थोरल्या शिष्यांना सांगणं भाग होतं. त्या माणसाने उभा जन्म त्या जागांवर श्वास रोखला होता. लोक त्यांच्या वाजवण्याला दाद देत, पण त्यांच्या थांबण्याला उठून उभे राहत. लेक आईला बरोबर घेऊन गेली. आईने सगळं सांगितलं, कुकर जळाल्याच्या गोष्टीसकट. थोरले शिष्य खाली मान घालून ऐकत होते.

"काकू, मी मास्तरांना विचारलं होतं," ते म्हणाले. "सकाळच्या शिकवणीला होतो. वाजवता वाजवता त्यांनी एकदम हात वर केला, वहीत ही खूण केली. मी म्हटलं, मास्तर, इथे काय करायचं? ते म्हणाले, इथे थांबायचं आणि नीट ऐकायचं."

"मग खरंच सांगितलं की," आई म्हणाली.

"शिट्टी मलाही ऐकू यायची हो. पण तिचा संबंध असेल असं कधी वाटलं नाही." त्यांनी व्हायोलिन पेटीतून काढलं, पुन्हा ठेवलं. "आता मी थांबू की नको?"

"थांबा," आई म्हणाली. "ते थांबायचे म्हणून तर आम्ही जेवलो."

टीप तिथेच, त्यांच्या टेबलावर लिहिली गेली. लेकीने चार मसुदे केले. सगळे लांब झाले, आणि एकात क्षमायाचना होती. शेवटी आईने सांगितलं तसं लिहिलं: 'इथे वादकाने थांबून घरातला आवाज ऐकावा.' समितीने ती जशीच्या तशी घेतली. आठवड्याभराने चिटणीसबाईंची एक पृच्छा मात्र आली: अंमलबजावणीच्या दृष्टीने, वादकाने किती वेळ थांबावं, हे स्पष्ट करावं.

लेकीने कागद आईपुढे धरला. संगीतातला प्रश्न आजवर कुणी आईला विचारला नव्हता. तिने तो दोनदा वाचला, नीट विचार केला आणि म्हणाली, "लिही. गॅस बंद करून परत येईपर्यंत."