चैत्रातला हिना

चैत्राच्या उन्हात हिना लावून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे मन्मथअप्पा. अत्तरातलं ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिना हे थंडीचं अत्तर. जड, उबदार, अंगावर घोंगडी घेतल्यासारखं. लातूरच्या उन्हाळ्यात ते लावायचं म्हणजे डोक्यावर परिणाम झाल्याचं लक्षण. आणि अप्पांनी लावायचं म्हणजे तर कमालच, कारण कुठलं अत्तर कधी लावावं हे सगळ्या गल्लीला शिकवलं होतं त्यांनीच.

जिल्हा नवा झाला तेव्हा मी बिलोलीहून बदलून लातूरला आलो. माझं ऑफिस इतकं नवं होतं की साहेब आले होते, पण त्यांची खुर्ची अजून वाटेत होती. गोलाईच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत गोदाबाईंकडे भाड्यानं खोली मिळाली. समोर अप्पांचं घर, आणि गोलाईत त्यांचं टोप्यांचं दुकान. पहिल्याच भेटीत त्यांनी मला नाव विचारायच्या आधी हुंगलं, आणि गावावरून नाव ठेवून टाकलं.

"बिलोलीकर, पावडर लावून राहिलात का?"

मी हो म्हणालो.

"ती लहान लेकराला लावत्यात. नाक हाय, का नुस्तं चष्मा ठिवायला दिलंय देवानं?"

मग कानातला फाया काढून माझ्या मनगटावर घासला आणि मला माणसांत घेतलं.

माणूस कसा आहे हे अप्पा वासावरून सांगायचे. गुलाब लावणारा लग्नात जेवतो आणि आहेराच्या वेळी नाहीसा होतो. केवडा लावणारा भांडखोर. जिल्ह्याबरोबर आलेले बोडक्या डोक्याचे साहेब परदेशी फवारे मारून यायचे. ते अप्पांना दुहेरी खुपायचे, कारण ते टोपीही घेत नसत. "ह्यांचा वास माणसाच्या आधी येतो आन माणसाच्या आधी निघून जातो. कसा भरोसा ठिवावा?" असं ते म्हणायचे.

त्यांचे नेम दोनच. पहिला मौसमाचा: उन्हाळ्यात वाळा, पावसाळ्यात केवडा, थंडीत हिना. दुसरा जास्त कडक. बिनआंघोळीच्या अंगाला अत्तर लावायचं नाही. "ते म्हंजी खरकट्या ताटात जिलबी वाढल्यावानी!" एकदा तापामुळे आंघोळ चुकली, तर अप्पा दिवसभर फाया न लावता दुकानात बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याचं कारण सांगत होते.

नवी कुपी आली की आधी घरात जायची, महादेवीकाकूंकडे. काकूंचं उजवं अंग बऱ्याच वर्षांपूर्वी वाऱ्यानं गेलं होतं, त्या आतल्या खोलीत पलंगावर असत. त्या कुपी हुंगत, आणि नुसतं "च्यक्" म्हणाल्या तरी कुपी अत्तरवाल्याकडे परत. "नाक खरं हिचं. मी नुस्ता मिरवतो," असं अप्पाच सांगत. काकूंचाही एक नेम होता. सकाळी आंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि पूजा झाल्यावरच तोंडात घास. आजारपणातसुद्धा त्यांनी तो मोडला नव्हता.

अशात दुष्काळ आला. विहिरी आटल्या, नळ शोभेला राहिले. टँकर यायचा तो दोन-तीन दिवसांआड, आणि घागरी माणशी मोजून मिळायच्या. प्यायला, चुलीला लागेल ते जाऊन उरलं तर आंघोळ. माझं ऑफिस महिनाभरात असं झालं की अर्ज घेऊन आलेला माणूस दारातूनच अर्ज पुढे करायचा.

आणि या सगळ्यातून मन्मथअप्पा बंद गळ्याचा कोट घालून, हिन्याचा घमघमाट सोडत जायचे. ऐन चैत्रात! गल्लीनं त्यावर डोकं चालवलं. डोकं अर्थात गोदाबाईंचं.

"आंघोळीबिगर अत्तर लावत न्हाई म्हणतो न्हवं? मंग ह्यो रोज न्हाऊन राहिला! कुठलं पाणी? कुठंतरी पाणी मुरतंय बगा."

या हिशेबात खोट काढायला जागा नव्हती. दोन दिवसांत अप्पांच्या घरात जमिनीखाली हौद बांधून झाला, अर्थात गल्लीच्या तोंडात. पुढच्या टँकरला गल्लीनं अप्पांची एक घागर कापली. अप्पा भांडतील म्हणून सगळे तयारीत होते. ते एवढंच म्हणाले, "शौक हाय बाबा. त्याची किंमत पडायचीच," आणि उरलेली घागर खांद्यावर घेऊन घरात गेले.

गोदाबाईंचं समाधान झालं नाही. त्यांना हौद बघायचा होता. सरकारी माणूस साक्षीला हवा म्हणून एका सकाळी त्यांनी मला पुढे घातलं आणि दार न वाजवता आम्ही अप्पांच्या घरात शिरलो.

हौद नव्हता. आतल्या खोलीत काकू न्हाऊन, केस पुसून पलंगावर टेकून बसल्या होत्या. डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं. उजवा हात उचलत नव्हता, म्हणून अप्पा आपल्या उजव्या हातानं लिंगाला भस्म लावत होते, बेलाचं पान वाहत होते. पूजा एक आणि हात दोघांचे. पलंगापाशी काकूंच्या आंघोळीचं पाणी एका परातीत धरून ठेवलं होतं, आणि त्यात अप्पांचं अंग पुसायचं फडकं भिजत पडलं होतं.

आम्हाला पाहून अप्पांचा चेहरा पांढरा पडला. काकूंना दिसणार नाही असे त्यांनी आमच्यापुढे हात जोडले.

काकू मात्र खूश झाल्या. "गोदाबाई, किती दिवसानं! बसा. आवो, पाणी द्या की त्यांना. मोठा तांब्या भरून द्या, उनाचं आल्यात."

गोदाबाईंनी एकदा परातीकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे. ज्या बाईनं घागरीवरून अख्खी गल्ली उठवली होती, ती म्हणाली, "नगं वैनी. आत्ताच पोटभर पिऊन आले."

"मंग ह्यांना जरा सांगा. उन्हाळ्यात हिना लावून राहिलेत. म्हातारपणी चळ लागला."

"हाव, सांगते," गोदाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज त्यांचा नव्हता.

अप्पा आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. "तिला दुष्काळ ठाऊक न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "कळला तर आंघोळ सोडंल. आंघोळ न्हाई तर पूजा न्हाई, पूजा न्हाई तर घास न्हाई. तिच्यात आता किती जीव उरलाय? टँकरचा आवाज आला की सांगतो, नवा जिल्हा हाय, रस्त्यावर पाणी मारून राहिलेत."

बोलताना ते माझ्या अगदी जवळ उभे होते. हिन्याच्या खाली दिवसेंदिवस न न्हालेल्या अंगाचा वास होता. काकूंच्या नाकापासून तो लपवायचा होता, आणि वाळ्यासारख्या हलक्या अत्तराला ते झेपलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कापलेली घागर न बोलता परत आली. तिच्या शेजारी आणखी एक होती, गोदाबाईंच्या घरची.

मृगाच्या तोंडावर काकू लिंगैक्य झाल्या. शेवटच्या स्नानाला कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण गल्लीतल्या प्रत्येक घरातून भरलेली घागर आली. अप्पा दारात उभं राहून त्या घागरींकडे बघत होते.

त्यानंतर अप्पांनी अत्तर लावलं नाही. पाऊस झाला, नळाला पाणी आलं, थंडी पडली. हिन्याचा मौसम आला तरी कानात फाया नाही. मला ते बघवेना. नांदेडला गेलो होतो तेव्हा हिन्याची एक कुपी आणली आणि दुकानात त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बूच काढून हुंगलं. "माल चांगला हाय," म्हणाले, आणि बूच घट्ट लावून कुपी माझ्याकडे सरकवली.

"शेवटल्या दिवशी मी आंघोळीचा तांब्या भरला, बिलोलीकर. तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. म्हन्ली, आज माझं पाणी तुमी घ्या. लई दिवस झाले, तुमी न्हालाच न्हाई."

म्हणजे काकूंनाही ठाऊक होतं, आणि दोघं एकमेकांपासून दुष्काळ लपवत होते.

"कवापासून ठाऊक होतं, विचारायचं राहूनच गेलं. मी तिच्यासमोरच बसून न्हालो. मंग म्हन्ली, जवळ या. लई येळ हुंगलं मला. म्हन्ली, हां, आता हे तुमी."

अप्पांनी हातातली टोपी झटकून फळीवर ठेवली.

"आता त्याच्यावर दुसरं काय लावू?"