पंधरा मिनिटांची गोधडी

आमच्या घरात नातवंडाचा बाप्तिस्मा होतो तो आजीच्या हातच्या गोधडीत. आयोवातल्या आमच्या गावात याबद्दल दुमत नाही. माझी बायको वेर्लीन शाळेची बस चालवते. तिला मोकळा वेळ मिळतो रोज पंधरा मिनिटं. पहिली नात होणार म्हटल्यावर तिनं 'अल्प वेळेत गोधडी' या ऑनलाइन वर्गात रीतसर प्रवेश घेतला.

पहिल्या धड्याचा विषय होता पंधरा मिनिटांचं नियोजन. धडा चाळीस मिनिटांचा होता.

"अगं, तेवढ्यात दोन चौकोन शिवून झाले असते!"

"तू गप्प बस, ड्वाइट. पाया पक्का नको?"

पाया पक्का होत गेला. इतर शिकाऊंच्या गोधड्यांचं कौतुक करणं सक्तीचं होतं, नाहीतर पुढचा धडा उघडत नसे. ओहायोतल्या एका बाईच्या गोधडीला वेर्लीननं 'अप्रतिम' म्हटलं. त्या गोधडीचं कापड अजून गठ्ठ्यातच होतं. शिवत कुणीच नव्हतं, प्रगती मात्र सगळ्यांची समाधानकारक होती.

तोवर नात जन्मली, बाप्तिस्म्याचा रविवार तोंडावर आला. कागदावर रेघा आखायच्या, त्यांवर कापडाचे तुकडे शिवायचे आणि शेवटी मागचा कागद फाडून काढायचा, अशी या वर्गातल्या गोधडीची रीत. वेर्लीननं धडाधड शिवून थेट अस्तर लावलं.

"आणि कागद?"

"तो धडा अजून उघडलेला नाही."

चर्चमध्ये पास्टर हॉफ्स्ट्रांनी बाळाला उचललं आणि कुरकुर सुरू झाली. बाळाची नव्हे, गोधडीची.

"वेफर्सची पाकिटं नंतर फोडा," पास्टर जमलेल्या लोकांकडे बघत म्हणाले.

आमची लेक केंद्रा पुटपुटली, "आई, माझ्या बाळाला रद्दीत गुंडाळलंस?"

वेर्लीनचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं; बिचारीचा सगळा जीव त्या गोधडीत होता.

वर्गानं मात्र प्रकरणाची दखल घेतली. कागद न काढणं ही वेळेची भरीव बचत असल्याचं जाहीर झालं आणि वेर्लीनची शिक्षिका म्हणून नेमणूक झाली. आता तिला पंधरा मिनिटंही मिळत नाहीत. केंद्राला पुन्हा दिवस गेलेत. "आई, या वेळी दुकानातूनच आण," असं तिनं आधीच बजावलंय. ते ऐकून वेर्लीन स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि डोळे पुसून वर्ग घ्यायला बसली.

हसा, खुशाल हसा. तुमच्याही घरात वेळ नाही म्हणून काहीतरी अर्धवट पडलंय, आणि तुम्ही इथे माझ्या बायकोची फजिती वाचत बसलात. तिच्या वर्गात जागा आहेत.