तांडेलबाईंचं अधिक-उणे

अन्याय झालाय तो डॉ. इंदुमती तांडेल यांच्यावर. गेल्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला, आमच्या ग्रामसभेत, भर माणसांत. त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकते.

इंदूमावशी बाजारातून बांगडा आणते तो अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून. वर पेनाने लिहिते: कुठला, कधीचा, कुणी हात लावला. मासे विकणारी तिची चुलत बहीण सुलू ओरडते, "इंदू, ह्यो बांगडो आसा, पुरावो नाय!"

"सगळोच पुरावो," मावशी म्हणते.

सवय जुनी. पुरातत्त्वाच्या नोकरीत तिने आयुष्यभर कोळसे असेच गुंडाळून प्रयोगशाळेत नेले. झाड मेलं की त्यातला किरणोत्सारी कार्बन हळूहळू घटत जातो. उरलेला मोजायचा आणि चूल कधी पेटली होती ते सांगायचं, हे तिचं काम. गावात नाव पडलं कोळशेबाय.

दुसरं वेड 'अधिक-उणे'चं. मोजण्यात चूक किती असू शकते ते सांगितल्याशिवाय ती आकडा तोंडातून काढत नाही, दुसऱ्यालाही काढू देत नाही. कट्टा गावच्या एस्टी स्टँडवर कंडक्टरला विचारते, "गाडी कधी रे?"

"दहाक."

"अधिक-उणे?"

"मावशे, एस्टी आसा ही. उणे खंयचा? अधिकच!"

माझ्या आतेच्या लग्नात नवऱ्या मुलाचं वय ऐकून हिने वरपक्षासमोर तोच प्रश्न केला. आते अजून हिच्याशी बोलत नाही. नवरा मात्र खरंच चार वर्षांनी मोठा निघाला.

हसून घेतलंत? आता ऐका. आमच्या किनाऱ्यावर जुन्या वस्त्यांच्या जागी तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, शिंपांचे ढीग सापडतात. ती शिंप मोजली की वय भलतंच जास्त येतं. तिसरी समुद्रात वाढते आणि समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो. मग मोजलेल्या वयातून वजा किती करायचं? आमच्या पाण्यापुरतं ते मावशीने शोधलं. एकाच चुलीतला कोळसा आणि त्याच चुलीवर शिजलेली तिसरी, अशा जोड्या वर्षानुवर्षं मोजल्या. "तिसरी खोटा बोलता," ती म्हणते. "कोळशाक इचार."

खाडीकाठचा आमचा टेंब म्हणजे असाच एक ढीग. तो सपाट करून रिसॉर्टच्या गाड्या उभ्या करायच्या आहेत. मी पत्रक काढलं. मावशीच्या वहीत टेंबाची दोन वयं होती, शिंपेचं आणि कोळशाचं. मी मोठं उचललं, अधिक-उणे गाळलं आणि ठळक टाइपात छापलं. जितकं जुनं, तितके लोक पेटून उठतील, अशी माझी अक्कल.

मावशी पत्रक घेऊन घरी आली. "काय गो, तिसऱ्येचा आयकलंस? आणि माझ्या नावान छापलंस?"

"मावशी, टेंब वाचवायचाय ना?"

"खोटा सांगान वाचललो टेंब माका कित्याक?"

पडवीत बसून तिने लाल पेनाने गठ्ठ्यातलं एकेक पत्रक दुरुस्त केलं. पण थोडी वाटून झाली होती.

ग्रामसभेत तिने खरं वय सांगितलं. कमी होतं ते. शिवाय अधिक-उणे. रिसॉर्टचा कडक इस्त्रीचा माणूस माझं पत्रक हलवत उठला. "बघा, बाईंनाच नक्की माहीत नाही! छापतात एक, बोलतात दुसरं, आणि त्यातही कमी-जास्त!" सभा हसली. सरपंचांनी मावशीचा अहवाल न उघडता परत सरकवला.

मावशी उभीच. शांतपणे म्हणाली, "माझी चूक किती असू शकते ते मी सांगितलं. आता तुम्ही तुमची सांगा."

सरपंचांनी हात वर करायला सांगितले. टेंब सपाट करायचा ठराव झाला.

संध्याकाळी मी माफी मागायला गेले. ती बांगडा तळत होती. देवाच्या फळीवर फॉइलची एक पुडी दिसली. त्या घरातली एकुलती एक पुडी, जिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"ही कुठली?"

"आयेच्या चुलीतलो कोळसो." तिने गॅस बारीक केला. "आये गेली तेवा मी लांब खंयतरी दुसऱ्याची चूल खणी होतंय. घराक इलंय, तर ह्यो इतकोच गावलो."

"मोजला नाहीस कधी?"

"मोजूक जाळूचो लागता गो," ती म्हणाली आणि बांगडा उलटला.

येत्या रविवारी सकाळी दहाला टेंबावर जेसीबी येतोय. त्याने एकदा ढीग उपसला की कुणाच्या चुलीतला कोळसा कुठे गेला, ते मावशीलाही सांगता येणार नाही. म्हणून विनंती करत नाही, सांगते: नऊला टेंबावर येऊन उभे राहा. विड्या घरी ठेवा, राखेने कोळसा बाटतो. नऊ म्हणजे नऊ. उणे चालेल. अधिक नाही.